बयेचं रक्त

रक्त कधी खोटं बोलत नाही. माणसाचं नाही, जनावराचं तर नाहीच. हे वचन मी पहिल्यांदा ऐकलं ते दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या एका हिरवळीवर, माझ्या नवऱ्याच्या साहेबांच्या तोंडून. ज्या रक्ताबद्दल ते बोलत होते, ते त्या वेळी माझ्या साडीच्या निऱ्यांमागे लपून थरथरत होतं. कोणाच्या तरी हातून चमचा पडला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवरा सिमेंटच्या कारखान्यात केमिस्ट होता आणि साहेब तिथले सर्वेसर्वा, इंग्रज. सगळे कंपनीच्याच कंपाउंडमध्ये राहायचो. त्यांचा बंगला समुद्राच्या बाजूला, आमचं घर धुळीच्या. साहेबांच्या दिवाणखान्यात पूर्वजांच्या तसबिरी होत्या, निम्म्या त्यांच्या आणि निम्म्या त्यांच्या कुत्र्यांच्या. हे पिल्लूही त्यांनी इंग्लंडहून विमानानं आणवलेलं. पॉइंटर जातीची मादी, पांढरी, अंगावर चहा सांडल्यासारखे डाग. या जातीच्या कुत्र्याला झुडपात पक्ष्याचा वास आला की ते एक पाय उचलून जागच्या जागी पुतळा होतं आणि बंदूकवाल्याला दिशा दाखवतं. हिच्या आजोबांनी म्हणे एका लॉर्डाला दाखवली होती. ही मात्र पक्ष्यांना घाबरायची. शिवाय खराट्याला, दारावरच्या बेलला, फुग्यांना आणि साहेबांना.

"जानेवारीत शेतावर शिकार आहे," साहेब बशीत चटणी वाढून घेत म्हणाले. "तोवर हिनं काही दाखवलं नाही, तर डॉक्टरांकडून इंजेक्शन. त्यातच दया आहे. भित्रं रक्त सांभाळण्यात अर्थ नसतो."

"तोवर मला द्या," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या बशीतल्या पनीरकडे.

घरी येताना नवऱ्यानं तिला उचलून घेतलं होतं, कारण ती चालेना. "अगं, आपण मासेसुद्धा खात नाही," तो कुजबुजला.

"खायचं कोणाला आहे? नुसतं दाखवायचंय."

"आणि नाही दाखवलं तर? माझं अप्रेझल तेच लिहितात."

"मग तुमचंही रक्त तपासतील. चला."

कागदावर तिचं नाव दोन किल्ले आणि एक नदी मिळून झालेलं होतं. आमच्याकडे आल्यावर ती वॉशिंग मशीनच्या मागे शिरली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निघाली नाही. मी तिथे बसून "ये गं बये, ये बाहेर" म्हणत राहिले, तेव्हा तिचं नाव बया पडलं. यू यू करून बोलावलं की यायला लागली. साहेबांनी एकदा कुंपणावरून विचारलं, की मी कुत्रीला सारखी 'तू, तू' असं इंग्रजीत का म्हणते. आमच्याकडे असंच म्हणतात, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

भीतीपोटी ती गालिचा ओला करायची. ते खातं नवऱ्यानं स्वतःहून घेतलं. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी, टाय बांधून, तो तिला दिव्याच्या खांबापाशी न्यायचा आणि मुलीला लहानपणी करवायचा तशाच स्वरात म्हणायचा, "शू... शू कर. शू." शिफ्टला निघालेले लोक त्याला गुड मॉर्निंग सर म्हणून जायचे. आठवड्याभरात बया एका शब्दावर बसायला लागली. त्याच्या कारखान्यातल्या हाताखालच्या लोकांनी त्याचं इतकं कधी ऐकलं नव्हतं.

"निदान एक गोष्ट शिकली," तो म्हणाला.

साहेबांनी एक जाडजूड पुस्तक आणि एक शिट्टी पाठवली. शिट्टी आमच्या पाचवीतल्या मुलीनं पळवली. पुस्तक मी वाचलं, आणि ते साहेबांपेक्षा बरंच समजूतदार निघालं. घाबरट पिल्लाला हुकूम देऊ नका, त्यात म्हटलं होतं. पक्षी तिचा तिला सापडू द्या. पाठलाग केला तर रागावू नका. सुरुवातीला नुसता एक पंख काठीला बांधून समोर हलवा.

तेव्हा मी पंख आणायला कोंबडीवाल्याकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्याकडे पिंजऱ्यात लावेही होते.

"सिर्फ पर चाहिए," मी म्हणाले.

"मॅडम, पर में खाने को कुछ नहीं है."

"मालूम है."

त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि पिशवी भरून पिसं फुकट दिली. वर "कल भी आना" म्हणाला.

कंपाउंडच्या मागे घाफची चार झाडं आणि रेताड मोकळी जागा होती. तिथे मी कपडे वाळत घालायच्या काठीला लाव्याचा पंख बांधला आणि हलवला. बया घराच्या दिशेनं पळाली. दुसऱ्या दिवशीही पळाली. तिसऱ्या दिवशी मी काठी रेतीत रोवली, शेजारी सतरंजी टाकली आणि पाठ करून वाचत बसले. वारा पंख हलवत होता, माझा काही संबंध नव्हता. किती तरी वेळानं माझ्या खांद्यावर श्वास आला. ती माझ्यामागे उभी राहून, मान लांब करून पंखाकडे बघत होती.

"मम्मा," मुलगी म्हणाली, "शी इज नॉट स्केअर्ड. शी इज थिंकिंग."

पुस्तकातही इतकं नेमकं लिहिलेलं नव्हतं.

महिनाभर आमचं हेच चाललं. कधी पंख, कधी नुसतं भटकणं. गळ्यात दोरी नाही, हाक नाही. बया एक झुडूप हुंगायची, पळून माझ्यापाशी यायची, पुन्हा जायची. दर खेपेला एखादं झुडूप पुढचं. संकष्टीला आम्ही मराठी बायका एकत्र जमायचो, तिथे बातमी पोचलेली होती.

"काय गं, शिकार शिकवतेस म्हणे कुत्रीला?" एकीनं साबुदाण्याचा वडा पुढे करत विचारलं. "आणि चतुर्थी पण करतेस?"

"उपास माझा आहे, तिचा नाही."

"आणि जमलंच नाही तर?"

"जमेल."

हे मी ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजामागे काही पुरावा नव्हता. घरी येऊन मी बयेला बजावलं, की हे बघ, आता माझी लाज तुझ्या हातात. ती पलंगाखाली गेली.

डिसेंबरात एका संध्याकाळी रेतीतून एक चंडोल भुर्रकन उडाला, अगदी तिच्या नाकासमोरून. बया थबकली. मागे वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. पळू का, की जाऊ? आणि माझ्या तोंडून, पुस्तकातलं सगळं शहाणपण बाजूला सारून, गावातल्या पोरांचा शब्द निघाला: "छू!"

बया सुटली. चंडोल केव्हाच दूर गेला होता, तरी ती कान उडवत, वेडीवाकडी, पार कुंपणापर्यंत धावली. परत आली तेव्हा धापा टाकत होती आणि शेपूट पहिल्यांदाच वर होतं. मी तिथेच रेतीत बसून तिचं तोंड कुरवाळलं. त्यानंतर छू म्हटलं की ती वारा हुंगत नागमोडी धावायची, आणि जानेवारी लागता लागता एका झुडपापाशी चक्क थांबायला लागली. पाय मात्र कधी उचलायची, कधी विसरायची.

राहिला बंदुकीचा आवाज. पुस्तकात म्हटलं होतं, जेवताना लांबून आवाज करा, हळूहळू जवळ आणा. माझ्याकडे बंदूक नव्हती, कुकर होता. बयेचा वरणभात मी तिच्यासमोर लावायला लागले. पहिल्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा ती पुन्हा वॉशिंग मशीनमागे. मग दारात. मग ओट्याखाली. शेवटी तिसऱ्या शिट्टीला ती लाळ गाळत ताटलीपाशी बसलेली असायची.

शिकारीचा शुक्रवार उजाडला. शेत एका म्हाताऱ्या अरब गृहस्थांचं, साहेबांच्या ओळखीचं. खजुराच्या रांगांपलीकडे लावे सोडले होते. पाहुणे हिरव्या टोप्या घालून आले होते. साहेबांच्या अंगावर जाड लोकरीचं जॅकेट होतं, वडिलांचं, स्कॉटलंडच्या थंडीसाठी शिवलेलं. ते घामानं निथळत होते, पण काढायला तयार नव्हते.

"यल्ला, बघू या," ते म्हणाले.

मी दोरी सोडली. "छू, बये."

ती गेली. नाक जमिनीला, मग वर, मग डावीकडे वळून एका झुडपापाशी थांबली. शेपूट ताठ झालं आणि मग, अगदी सावकाश, एक पाय वर गेला. साहेबांनी पुढे होऊन झुडूप हलवलं, लावा उडाला, साहेबांनी बार काढला आणि लावा सुखरूप डोंगराकडे गेला. आवाज झाल्यावर बयेनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. भात कुठाय, एवढंच तिला विचारायचं होतं.

"पाहिलंत?" साहेब ओरडले. "रक्त! रक्त कधी खोटं बोलत नाही!" आणि जॅकेट काढून रेतीवर टाकत म्हणाले, "मी आजच हिला घरी नेतो."

मुलीनं माझा हात घट्ट धरला. "मम्मा, नो."

इंजेक्शनचं मला ठाऊक होतं, त्यासाठी मी भांडायला तयार होते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "ती आमची आहे, साहेब," मी म्हणाले. "भित्री होती तेव्हाही होती."

"कागद माझ्या नावावर आहेत."

"कागद घेऊन जा."

"अगं..." नवरा म्हणाला. मग तो थांबला, आणि जन्मात पहिल्यांदा साहेबांकडे बघून म्हणाला, "सर, ती तुमचं ऐकणार नाही. आमच्या भाषेतच ऐकते."

साहेब हसले. "एक शब्द तर आहे. शिकायला कितीसा वेळ लागतो? ऐकलं तर माझी, नाही ऐकलं तर तुमची. कबूल?" त्यांनी यजमानांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं हात वर केला: खलास, ठरलं. साहेबांनी बयेला समोर घेतलं, छाती पुढे काढली, दूरच्या झुडपांकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात आज्ञा केली:

"शू!"

बयेनं आज्ञा पाळली.

तिनं ऐकलं की नाही, यावर जेवताना बराच खल झाला. शेवटी यजमानांनी डोळे पुसत निकाल आमच्या बाजूनं दिला, आणि बया आमच्याबरोबर घरी आली. जॅकेट धुवायला रास अल खैमात कोणी घेईना. ते दुबईला पाठवावं लागलं.