हूक लावू देणार नाही

प्रियदर्शनीनं भाड्याची गाडी चालवायची ठरवलं, तेव्हा मोठा भाऊ सतीश म्हणाला, "चार दिवसांत घरी बसशील." तिनं वाद घातला नाही. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी जुनी हायब्रिड घेतली आणि अक्कलकोटच्या फेऱ्या सुरू केल्या.

एकदा भर दुपारी होटगी रोडवर तीच गाडी अडली. स्टिअरिंगमागचे दिवे लागत होते, पण गाडी जागची हलेना. प्रवाशांना तिनं रिक्षात बसवून दिलं. मागं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि हवालदारानं क्रेन बोलावली. क्रेनवाला चनबसप्पा मागच्या बाजूला हूक लावायला वाकला.

"मागनं उचलू नका," प्रियदर्शनी आडवी आली. "पुढची चाकं रस्त्यावर फिरली की आतली मोटर फिरती. बंद गाडीतबी करंट तयार हुतो, मोटर जळती. पुढनं उचला, न्हाईतर चारी चाकं वर घेणारी गाडी येऊ द्या."

"पुढं क्रेन वळवायला जागा कुटं हाय? लई वर्सं झाली गाड्या वडतोय बाई, कवा काय झालं न्हाय."

"माझ्या गाडीला हुईल."

हवालदार वैतागला. "रस्ता अडवल्याची पावती फाडीन."

"फाडा की. पण हूक लावू देणार न्हाय." ती आत जाऊन बसली आणि काच खाली केली. "रस्ता मोकळा पाहिजे ना? न्यूट्रलला टाकते. हातानं हळूहळू कडंला ढकला."

हवालदार काही बोलायच्या आत दोन ट्रॅक्टरवाले खाली उतरले. गाडी कडेला लागली. चनबसप्पा बडबडत रिकामी क्रेन घेऊन गेला. हवालदारानं पावती फाडलीच.

गाडी अडल्याचं कळून सतीशचा फोन आला. "ओढून आण की, उन्हात काय बसलीस?"

"गाडी माझी हाय दादा," म्हणून तिनं फोन ठेवला.

उन्हं कलली तेव्हा तिनं बोलावलेला सपाट पाठीचा ट्रक आला. गाडी वर चढली, चारी चाकांना पट्टे आवळले, मगच ती ड्रायव्हरशेजारी बसली.

गॅरेजमध्ये कळलं, बॅटरीकडची यंत्रणा थंड ठेवायला पाणी फिरवणारा पंप अडकला होता, म्हणून गाडी हलत नव्हती. मोटर शाबूत होती.

पंप बदलून झाल्यावर सतीश म्हणाला, "आता तरी सोड हे."

"सकाळी अक्कलकोटचं भाडं हाय," ती म्हणाली आणि डबा भरायला घेतला.

चनबसप्पा अजून तिला बघून तोंड फिरवतो. ती मात्र त्याच्या क्रेनला खेटून, हॉर्न वाजवत पुढं जाते.