पेन्सिलनं भरलेला अर्ज

"मेड का गेट पीछे है."

गार्ड एवढंच बोलला. माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं. माझ्या मागे बारा मुली उभ्या होत्या, एकसारखे पिवळे टी-शर्ट घातलेल्या, वेण्या घट्ट बांधलेल्या. त्यांना बघून त्यानं ठरवलं की मी कोण.

मी पर्समधून ऑफिसचं आयकार्ड काढलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. म्हणाले, "भैया, मैं मेड नहीं हूँ. सेंट्रल गवर्नमेंट में हूँ."

तो लगेच नरमला. "आप आइए मैडम. ये लोग पीछे से."

तेव्हा कळलं मी काय बोलून बसले ते. बाराच्या बारा मुलींच्या आया मेडच आहेत. याच सोसायटीत, नाहीतर शेजारच्या. पूजा सगळ्यात पुढे होती. तिची आई मीनादेवी याच गेटच्या आत तीन घरची भांडी घासते. पूजानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग आपल्या चपलांकडे बघत राहिली. गार्डनं केलेला अपमान मी झेलला नाही, मुलींच्या अंगावर ढकलला. अजूनही ते वाक्य आठवलं की मला स्वतःचीच किळस येते.

तेवढ्यात मृणालताई आतून लगबगीनं आल्या. या दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीस, राहायला याच सोसायटीत. रेशमी साडी, गळ्यात पाहुण्यांना ओळखू यावं म्हणून लटकवलेला बॅज. म्हणाल्या, "अगं, कशाला वाद घालतेस? मुलींना मागनं आण ना. गेस्ट येतायत मेन गेटनं. आणि आज खेळायचं नाही हं, नुसतं उभं राहायचंय."

मी मुलींना घेऊन मागच्या गेटकडे वळले. त्या गेटवर एक रजिस्टर असतं. मेड, ड्रायव्हर, डिलिव्हरी असे रकाने. मुलींची नावं मेडच्या रकान्यात लिहिली गेली. त्यातली सगळ्यात लहान अकरा वर्षांची होती.

आता मुळापासून सांगते.

माझे बाबा विदर्भातून दिल्लीला आले ते एका मंत्रालयात दफ्तरी म्हणून. फायली शिवायच्या, गठ्ठे बांधायचे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं आणि आम्ही दिल्लीतल्याच द्वारकेच्या कडेला, उंच सोसायट्यांच्या पाठीमागच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. मी कारकून आहे. शाळेत असताना खो-खो खेळायचे, चांगली खेळायचे. वस्तीत राहायला आले तेव्हा संध्याकाळी मुली नुसत्या ओट्यावर बसलेल्या दिसायच्या. आया कामावर, घरात लहान भावंडं, आणि जायचं कुठे? म्हणून मीच म्हटलं, चला, खेळूया.

वस्तीमागे एक मोकळा प्लॉट आहे. खडे, काचा, कीकरची, म्हणजे बाभळीची, झाडं. खो-खोला दोन टोकांना दोन खांब लागतात. आमचा एक खांब म्हणजे कीकरचं झाड, दुसरा म्हणजे जमिनीतून वर आलेला एक जुना गंजका पाईप. खांबाला हात घालून वळावं लागतं, जोरात. आमच्यातल्या रुखसारनं तसा हात घातला आणि तिचा तळवा फाटला. टाके पडले. तिच्या अम्मीनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण दोन आठवडे मुलीला पाठवलं नाही.

मग दिल्लीत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार असं ठरलं. रस्ते रंगवले, झाडं लावली, आमच्या वस्तीसमोर हिरव्या कापडाची भिंत उभी केली, परदेशी पाहुण्यांना आम्ही दिसू नये म्हणून. त्याच स्पर्धेच्या नावानं एक योजनाही निघाली. आसपासच्या लोकांनाही स्पर्धेचा फायदा व्हावा, म्हणून स्थानिक संस्थांना छोटी अनुदानं. मला वाटलं, कापडाच्या या बाजूला प्रथमच कोणीतरी बघतंय. खरंच वाटलं. वेडी मी.

आम्हाला फार काही नको होतं. प्लॉट सपाट करून हवा होता. दोन गुळगुळीत लाकडी खांब. आणि एक पत्र्याचा आडोसा, कपडे बदलायला. मुली मोठ्या होत चालल्या होत्या.

अर्ज नोंदणीकृत संस्थेनंच करायचा होता. आमची कसली संस्था? म्हणून मी मंडळात गेले. बाबा मला लहानपणापासून तिथे न्यायचे, आपली भाषा कानावर पडते म्हणून. खुर्च्या मांडायला आम्ही पहिले, जेवायला शेवटच्या पंगतीत, पण बाबांना त्याचं कधी काही वाटलं नाही. निदान मला तरी तसं दाखवलं नाही. मृणालताई म्हणाल्या, "अरे वा, बिल्कुल करूया. तू तर आमचीच मुलगी. फॉर्म तू भर, मी फक्त बघते."

मी फॉर्म भरला. पेन्सिलनं.

आता लोक हसतील. पण आमच्या ऑफिसात तसंच चालतं. सगळं कॉम्प्युटरवर आलं, तरी आमचे साहेब मसुदा कागदावरच मागतात, आणि खालच्यानं तो पेन्सिलनं लिहायचा असतो. वरचा त्यावर शाई फिरवतो. बाबांनीच मला नोकरी लागली तेव्हा सांगितलं होतं, "पोरी, आपण पेन्सिलनंच लिहावं. साहेबाला खोडायला सोपं जातं." घरी माझ्या टेबलावरही तेव्हा डझनभर पेन्सिली असायच्या. मृणालताईंचा फॉर्म भरायला बसले तेव्हा हात आपोआप पेन्सिलकडे गेला. समोर साहेब नव्हता, नोकरी नव्हती, तरी गेला. खेळण्याची जागा, या रकान्यात लिहिलं, वस्तीमागचा मोकळा प्लॉट. शेवटच्या पानावर समुदाय प्रतिनिधी म्हणून सही करायची होती. ती तेवढी शाईनं केली, आणि फॉर्म त्यांच्या हातात देऊन आले.

अनुदान मंजूर झालं. वस्तीत आम्ही जिलेबी वाटली. उद्घाटन सोसायटीत आहे असं कळलं, तरी मला शंका आली नाही. वाटलं, माईक तिथे आहे, मांडव तिथे आहे, कार्यक्रम तिथे करतील आणि खांब आमच्याकडे लावतील.

मागच्या गेटनं आत गेलो आणि बघितलं. सोसायटीच्या बागेत, हिरव्यागार लॉनवर, दोन खांब सिमेंटमध्ये पक्के बसवलेले. रिबिनी बांधलेल्या. एका बाजूला कपडे बदलायला देखणी खोली, दाराला कुलूप.

पूजा धावत खांबाकडे गेली. दोन्ही हातांनी वरपासून खालपर्यंत चाचपला. वळून म्हणाली, "दीदी, कितना चिकना है."

"हाथ मत लगाओ, पॉलिश खराब होगा," मागून कोणीतरी ओरडलं.

मुलींना एका रांगेत उभं केलं. हातात एक बॅनर दिला. माईकवरून पाहुण्यांना सांगितलं की या आमच्या लाभार्थी. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. सोसायटीतली एक लहान मुलगी आपल्या आईला विचारत होती, "मम्मा, ये लोग रोज़ आएँगी?" आई म्हणाली, "नहीं बेटा, बस आज." पूजानं ते ऐकलं, मीही ऐकलं.

मी मृणालताईंना गाठलं. म्हणाले, "ताई, जागा आपली वस्तीमागची लिहिली होती ना?"

त्यांनी शांतपणे टेबलावरची फाईल उघडली. "हे बघ. सोसायटीचा पत्ता आहे. आणि खाली तुझीच सही."

शाईनं सुंदर अक्षरात सोसायटीचा पत्ता होता. त्याखाली कागद किंचित खरवडलेला. वाकून बघितलं तर माझ्या पेन्सिलीच्या खुणा अजून दिसत होत्या, खोडलेल्या. शाईनं लिहिलं असतं तर त्यांना दुसरा फॉर्म घ्यावा लागला असता, माझी सही पुन्हा मागावी लागली असती. निदान विचारावं तरी लागलं असतं.

"अगं, त्या प्लॉटवर खांब लावले असते तर चार दिवसांत चोरीला गेले असते," त्या म्हणाल्या. "इथे सेफ आहेत. तुम्हा लोकांसाठी एवढं केलं, त्यातही तुझं काहीतरी असतंच."

तुम्हा लोकांसाठी. कालपर्यंत मी आमचीच मुलगी होते. अंगाचा तिळपापड झाला, आणि तरी मी फाईल मिटून त्यांच्या हातात परत दिली. बाहेर पडताना मागच्या गेटवर मुलींच्या हातात समोशाची पाकिटं दिली. मीही एक घेतलं. घरी जाऊन खाल्लंही. भूक लागली होती.

पुढच्या सोमवारी मुलींना घेऊन खेळायला गेले. गार्ड म्हणाला, लिस्टमध्ये नावं नाहीत. योजनेच्या कार्यालयात गेले. तिथला माणूस सभ्य होता, चहा विचारला, स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मैडम, फ़ॉर्म में तो यही पता है. साइन आपका है." मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, त्यांनी मृणालताईंशी बोलायला सांगितलं. ऑफिसला सुट्ट्या टाकून मी या दारातून त्या दारात फिरले. कुठे कोणी वाईट बोललं नाही. सगळे अच्छा अच्छा म्हणायचे, आणि मी परत यायचे. मुलींनी विचारणं हळूहळू बंद केलं. त्यांना सवय असते, तेच मला सहन होईना.

एका संध्याकाळी मीनादेवी एक पाकीट घेऊन आली. मृणालताईंच्या घरी तीच काम करते. आत अहवाल होता. बारा मुली रोज सोसायटीच्या मैदानावर सराव करतात, त्यांना मोठा लाभ झाला आहे, वगैरे. खाली माझं नाव, आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलची फुली.

मीनादेवी दारातच उभी राहिली. "दीदी, साइन कर दो. मैडम ने बोला है, आज ही लेके आना. मेरा काम चला जाएगा."

मी तिला उद्या ये म्हटलं. बाबा कॉटवर बसले होते. म्हणाले, "करून टाक सही. आपलं कोण आहे इथे?"

दुसऱ्या दिवशी पूजाला विचारलं, "तू उस मैदान में कितने दिन खेली?"

तिला प्रश्नच कळला नाही. "खेली कहाँ दीदी? उस दिन तो खड़े थे."

मी पेन काढलं. अहवालावर, फुलीच्या वरच, शाईनं लिहिलं की आमच्या मुली या मैदानावर एकदाही खेळलेल्या नाहीत, त्यांना आत सोडत नाहीत, आणि जागेचा पत्ता मला न विचारता बदलला. त्याखाली सही केली. अक्षर वाकडं आलं.

ते मीनादेवीच्या हाती पाठवलं नाही. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मत दो दीदी." मी दिलं. हे मी लपवणार नाही. तिनं नको म्हटलं होतं.

एक प्रत योजनेच्या कार्यालयात दिली आणि दुसरी घेऊन सोसायटीत गेले. तोच गार्ड होता. मला ओळखलं नाही, ऑफिसचे कपडे नव्हते, आयकार्ड मी घरीच ठेवलं होतं.

"मेड का गेट पीछे है."

"मालूम है," मी म्हणाले. "मेड भी इसी गेट से जाएगी. रजिस्टर दो."

अर्धा तास उभी राहिले. शेवटी मृणालताई खाली आल्या. कागद वाचला. चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज चढवला नाही. "तुला बोलावून चूकच झाली," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो."

झालं काय? काही नाही. खांब तिथेच आहेत. स्पर्धा पार पडली, पाहुणे गेले, हिरवं कापड फाटून लोंबतंय. माझ्या तक्रारीवर कार्यवाही चालू आहे. मीनादेवीचं काम त्याच आठवड्यात सुटलं, मृणालताईंचं आणि त्यामागोमाग वरच्या मजल्यावरचंही. कागद मी लिहिला आणि भोगलं तिनं. मी तिच्या दारात गेले होते. तिनं दार लावून घेतलं. पूजा आता खेळायला येत नाही. आईबरोबर लांबच्या सेक्टरमध्ये कामाला जाते, सकाळी मला बसस्टॉपवर दिसते. आधी ती मान वळवायची, आता नुसती बघते.

अकरा मुली येतात. आम्ही मिळून खडे वेचले. पाईपला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, तळवा कापू नये म्हणून. ऊन लागलं की ती ट्यूब चिकट होते आणि हाताला काळं लागतं.

आता दुसऱ्या एका योजनेचा फॉर्म आलाय. मिळेल असं मला वाटत नाही. तरी गेल्या रविवारी प्लॉटवरच बसून भरला. मंडळाकडे गेले नाही, अकरा मुलींच्या आया गोळा केल्या आणि त्यांची संस्था नोंदवायला घातलीय. मीनादेवीचं नाव त्यात पहिलं लिहून ठेवलंय, आली तर तिचं, नाही आली तर ती जागा तशीच राहील. जागेचा रकाना रुखसारनं भरला, मी सांगितलं ते मोठ्या अक्षरात, काळ्या शाईनं. आता कोणाला तो पत्ता बदलायचा असेल तर त्यांना कागद फाडावा लागेल, आणि तोही आमच्यासमोर.

बाबांनी विचारलं, टेबलावरच्या पेन्सिली कुठे गेल्या. मी सांगितलं, फेकल्या.