हडपसरच्या गॅलरीतला माग

अकोल्याहून पुण्याची बस सुटताना बाबांनी खिडकीतून सतरंजीची गुंडाळी आत ढकलली. त्यांनीच विणलेली, मधे समोरासमोर दोन मोर, कडेनं शंकरपाळ्यांची नक्षी. "खोली भेटली का आधी हे आंथरजो," एवढंच म्हणाले. हडपसरच्या आयटी कंपनीत मला पहिली नोकरी लागली होती. शेजारच्या सीटवरच्या बाईंसमोर त्या गुंडाळीची मला लाज वाटली, हे आज लिहून टाकते. गाव सोडलेल्यांपैकी कुणाला तरी ते कळेल.

पुढे पुणं अंगवळणी पडलं. डेडलाइन, ट्रॅफिक, लग्न, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. मग तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी बाबांना इकडे घेऊन आले. गावातला, खड्ड्यात पाय सोडून विणायचा माग मोडावा लागला. त्यातला फक्त पंजा, म्हणजे सूत ठोकून बसवायची लोखंडी फणी, त्यांनी सोबत आणला.

त्यांचं मन काही रमेना. पिशवी कायम भरलेली. रोज सकाळी चहासोबत तेच, "मले गावाले सोडून दे." मी चिडायचे, मग ऑफिसच्या बसमध्ये रडायचे. तिकडे त्यांचं कुणी उरलं नव्हतं, आणि इथे त्यांना काही काम नव्हतं.

एका रविवारी मोरांची सतरंजी मी गॅलरीत वाळत घातली. थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरच्या काकू दारात.

"अहो, तुमच्या सतरंजीनं आमचा उजेड अडलाय. मोर मात्र छान आहेत. कुणी विणले?"

"बाबांनी."

"मग ते दिवसभर नुसते का बसतात?"

काकूंना हॉलसाठी हत्तीची सतरंजी हवी होती. बाबा म्हणाले, माग नाही. माझ्या नवऱ्यानं जुनी लोखंडी खाट गॅलरीत उभी करून पक्की बांधली, आणि बाबांनी तिच्यावर उभ्या सुताचा ताणा चढवला. उभ्या मागाची सवय नव्हती. दोनदा सगळं उसवलं. पिशवी पुन्हा दाराशी आली. पण काकू रोज बघायला यायच्या, त्यामुळे सोडताही येईना.

"सोंड आखूड झालीय," काकू म्हणाल्या.

"सूत सरळ जाते ताई, सोंड वाकडी. थे पायरी-पायरीनंच वळते. आमचा हत्ती असाच असते."

"तुम्ही हत्ती पाहिलाय का कधी नीट?"

"तुमच्या पुण्यात हाय का?"

"कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात आहे. चला."

दोघं खरंच बसनं गेले. बाबा तासभर हत्तीसमोर उभे होते म्हणे, काकूंचे पाय दुखले. परत आल्यावर बाबांनी सोंड उसवली आणि चार पायऱ्या वाढवल्या. जेवायला तीनदा हाका माराव्या लागल्या. कितीतरी महिन्यांनी मला त्याचा आनंद झाला.

आज तो हत्ती काकूंच्या हॉलमध्ये आहे. त्याच्यावर कुणी पाय दिलेला त्यांना चालत नाही. समोरच्या बिल्डिंगमधून आता वाघाची मागणी आलीय.

परवा बाबांनी विचारलं, "आधार कार्डावरचा पत्ता बदलता येते का?"

"कुठला टाकायचा?"

"इथलाच. अजून कुठला?"

फॉर्म भरताना लक्षात आलं, माझ्याही कार्डावर इतकी वर्षं गावचाच पत्ता होता. सोमवारी अर्धा दिवस रजा काढली. रांगेत आधी बाबा, मागे मी. दोघांनीही हडपसर लिहिलं.