बंद काचांची गाडी

काळ्या फिल्मचे साडेचारशे, मागच्या पडद्यांच्या शिलाईचे सव्वाशे... आणि दोन माणसं. माझ्या जुन्या जीपच्या काचा झाकायला एवढा खर्च आला. पहिले दोन आकडे त्याच दिवशी कळले. तिसरा कळायला दीड वर्ष लागलं.

परवा आळेफाट्यावर ट्रॅफिकवाल्यानं एका पोराच्या गाडीची फिल्म ओरबाडून काढली, आणि हे सगळं पुन्हा वर आलं. गोष्ट २००६-०७ च्या आसपासची. नावं बदलली आहेत.

मी क्लीनर म्हणून लाईनला लागलो आणि पुढं स्वतःची जीप घेतली. नारायणगाव-आळेफाटा वडाप केलं... म्हणजे सीटा मोजायच्या नाहीत, माणसं कोंबायची. त्या वेळी आमच्याकडच्यांना एचआयव्हीच्या सरकारी गोळ्यांसाठी दर महिन्याला पुण्याला जावं लागायचं. एसटीत शेजारी गावचंच कुणी बसलं तर काय सांगायचं, या धास्तीनं माणसं गोळ्या चुकवायची.

म्हणून मी महिन्यातून एक फेरी सुरू केली. राजुरी, बोरी, पिंपरी पेंढार, तिकडं आंबेगावातलं एखादं, असे सहा-सात जण. डिझेलपुरतं घ्यायचो. स्टँडवरून कुणाला उचलायचं नाही, गावाबाहेर कॅनॉलच्या पुलावर घ्यायचं. काचा बंद, पडदे ओढलेले. माझ्या गाडीतलं गुपित आजवर फुटलेलं नाही, हे मी कुठंही छाती ठोकून सांगायचो.

दिनकर त्यातलाच एक. ट्रकवर ड्रायव्हर होता, त्यात टीबी झालेला. पहिल्या वेळी बरं वाटलं म्हणून त्यानं औषध दोन महिन्यांत सोडलं, दुसऱ्यांदा लाईनवर गेला आणि गोळ्यांचा डबा घरीच राहिला. आता तिसऱ्यांदा गोळ्या चालू होत्या.

इंजिनाच्या आवाजावरून फॉल्ट सांगणारा माणूस मी. दिनकरचा खोकला तीन फेऱ्या ऐकला... तो सुटत नव्हता, उलट आणखी खोलातून यायला लागला होता. मी विचारलं तर म्हणाला, दोन महिने झाले गोळ्या सुरू होऊन, आता कुणाला लागत नाही, केंद्रावर सांगितलंय. नियम तसाच होता. मलाही तेवढंच ऐकायचं होतं.

शोभा त्याच्या पुढच्या सीटवर बसायची. नवरा याच आजारानं गेलेला, पदरात शाळेत जाणारी मुलगी. मुलगी दहावी होईपर्यंत मला टिकायचंय, एवढंच तिचं म्हणणं असायचं. त्या गोळ्यांनी अंगही धरलं होतं तिनं. एका फेरीला उन्हानं गाडी भट्टीसारखी तापली होती आणि दिनकरची उबळ थांबेना.

"भाऊ, जीव गुदमारतोय... जरा काच खाली घ्या ना."

"मंचर जाऊ द्या ताई," मी म्हणालो. "आज बाजार हाय, तुमचं पावणं दिसायचं कुणीतरी."

मंचर गेलं, मग खेडचा घाट आला, मग चाकणची गर्दी. काच काही मी खाली घेतली नाही. तशा आठ-नऊ फेऱ्या झाल्या.

दिनकरच्या बेडक्याचा मोठा रिपोर्ट आला तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता. टीबीच्या मुख्य दोन औषधांना त्याचे जंतू दाद देत नव्हते... म्हणजे गोळ्या चालू होत्या, पण त्याचा आजार दुसऱ्यांना लागत होता. तो गेला. त्याला मी फिल्मच्या हिशोबात धरत नाही.

चार महिन्यांत शोभाला ताप आला, वजन उतरलं. पाठोपाठ आमच्या फेरीतले एक रिटायर्ड गुरुजी आजारी पडले. दोघांनी जन्मात टीबीची गोळी घेतलेली नव्हती, तरी त्यांच्या रिपोर्टात तीच दोन औषधं निकामी.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. जंतू दिनकरच्या अंगात अर्धवट औषधानं निर्ढावले, आणि यांना ते आयतेच निर्ढावलेले मिळाले. धडधाकट माणसाच्या अंगात टीबी वर्षानुवर्षं झोपून राहतो, कित्येकदा जन्मभर. एचआयव्हीवाल्याला तेवढी सवड मिळत नाही. मग त्यांनी विचारलं, गाडीच्या काचा उघड्या असायच्या ना? मी खाली बघितलं.

माझीही तपासणी झाली. छातीचा फोटो स्वच्छ. त्याच गाडीत, तीच हवा मीही घेतली होती... पुढं बसून, स्टिअरिंग धरून. मला साधा खोकलासुद्धा झाला नाही.

गुरुजी दिवाळीआधी गेले. शोभा संक्रांतीनंतर. पोरगी तेव्हा आठवीत होती.

शोभाच्या दहाव्याला नदीवर गेलो. तिचा चुलत सासरा, नाना, जवळ येऊन बसला. लई केलंत आमच्या सुनंचं, म्हणाला. तिथंही मी सवयीनं गुपित राखलं... कधीमधी बाजाराला सोडायचो, एवढंच, असं म्हणालो.

नानानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कशाला राव... आमाला पयल्या फेरीपासनं ठाव व्हतं. समद्या आळीला. ती पुलाकडं निगाली की बाया दारं पुढं करून घ्यायच्या. म्हनलं, तिला लाजल्यावानी नको व्हायला."

शोभाच्या आळीत अकरा घरं आहेत. त्या अकरा घरांत हे ज्याला कळलं नव्हतं असं एकच माणूस होतं, नानानंच सांगितलं... तिची मुलगी.