केरबाअण्णांच्या वाटीतली फोड

दोन हजार दोन सालची गोष्ट. शनिवारची सकाळ होती. कुकरची शिट्टी होत नव्हती, यांना टॉवेल सापडत नव्हता आणि त्यातच दारावर थाप पडली. शेजारच्या बनाबाई होत्या. डोळे लाल.

"वैनी, ह्यांनी मोडलं बघा. राधानगरीकडचं बी मोडलं."

मोडलं ते त्यांच्या वर्षाराणीचं स्थळ. आजवर अशी किती मोडली, हे बनाबाईंना आठवत नव्हतं. केरबाअण्णांना आठवत होतं, गावं आणि कारणांसकट.

केरबाअण्णा म्हणजे बनाबाईंचे मालक, एसटीतले निवृत्त कंडक्टर. कुणाची आत्या नेसरीत कुणाच्या घरात दिली, कुणाच्या लग्नात कुठल्या जावयाला फेटा बांधायचा राहिला, सगळं पाठ. त्यामुळे उचगावच्या वाटेवरच्या आमच्या कॉलनीत कुणाचीही सोयरीक ठरायची असली की बैठकीला अण्णा हवेतच. अण्णांना सगळं आठवतं, म्हणजे अण्णांना सगळं कळतं, असं सगळे धरून चालत. अण्णाही.

बनाबाईंचं उलटं. आमटीत मीठ घातलं का, हे त्या चव घ्यायला मला बोलावून ठरवायच्या. कडाकडा भांडलेल्या बाईशी दुसऱ्या दिवशी हसून बोलायच्या, कारण भांडणच विसरलेल्या असायच्या. अशा बाईला घरात कोण काय विचारणार?

गॅस बंद करून मी त्यांच्याबरोबर गेले. अण्णा बशीत चहा ओतत होते.

"अण्णा, मुलगा बरा नव्हता का?"

"जोतीराम? पोरगं गुणाचं हाय. डेअरीत नोकरी, सुपारीचं खांड तोंडात घालत न्हाई. पन त्येचा आजा! शहात्तर साली त्यांच्या गावच्या म्हाईला गेलतो. समद्यांला मटन, आनि माझ्या वाटीत नुसता रस्सा. एक फोड न्हाई! त्या घरात लेक द्यायची व्हय?"

म्हाईच्या जत्रेत आलेल्या पावण्याला पोटभर मटण वाढणं हा आमच्याकडे अब्रूचा प्रश्न. म्हणून हसू दाबून मी विचारलं, "आवतन कुणाला होतं?"

"मला आनि धाकट्या भावाला."

"दोघंच गेला होता?"

"छ्या! म्हाईला दोघंच कोन जातंय? ट्रॅक्टरची ट्रॉली भरून गेलतो की!"

मग ट्रॉलीत कोण कुठं बसलं होतं, कुणी आपला मेहुणा आणला, मेहुण्यानं आपला दोस्त आणला, सगळं नावानिशी आलं. "ट्रॅक्टरवाल्या गणपतरावानं तर वाटंत तिकटीच्या चौकात हुबी असलेली अनोळखी मानसं बी घेतली. म्हनला, पावणं, चला जेवाय!"

एवढं सांगून अण्णांनी माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं पाहिलं. आपण काय सांगितलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आत भाकरी थापणाऱ्या वर्षाराणीच्या मात्र ध्यानात आलं. "अण्णा," ती म्हणाली, "येवढी ट्रॉली दारात उतरली, तरी त्या म्हाताऱ्यानं रस्सा समद्यांला पुरवला न्हवं?"

अण्णांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

"मला काय ध्यानात ऱ्हात न्हाई, वैनी," बनाबाई हळूच म्हणाल्या, "पन त्यो पोरगा पानी पिऊन तांब्या ठिवाय सवता उठला. पोरीला मान वर कर म्हनला न्हाई. आनि त्यो गेल्यावर आमची वर्षा हसत हुती."

"तुला काल काय रांधलं ते सांगता यायचं न्हाई, तू कसली पारख करतीस?" अण्णा उखडले. "तुझ्या भावानं स्थळ आनलंय, त्येलाच फोन कर. आज सांजच्याला नकार जाऊ दे."

पुढच्या रविवारी बनाबाई कपबश्या मागायला आल्या. "पावणं येत्यात, वैनी. राधानगरीचं. सुपारी फोडाय."

"अहो, पण नकार?"

"कळवायचा ऱ्हाऊनच गेला की! माझी मेलीची आठवण!"

चेहरा अगदी भाबडा. खरंच विसरल्या होत्या का, हे मी त्यांना आजतागायत विचारलेलं नाही.

कपबश्या गेल्या आणि थोड्या वेळानं अण्णाच आमच्या दारात. पांढरा इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी. आता आरडाओरडा होणार म्हणून मी पदर खोचला. पण अण्णा उंबऱ्याबाहेर चपलेशी चाळा करत उभे राहिले.

"पोरगी सकाळपास्नं गाणं गुणगुणतीया, वैनी. लई वर्सांनी."

"मग जा की, पावणे येतील एवढ्यात."

"जोतीरामचा बा, त्या आज्याचा ल्योक, समोर बसला की मला ती वाटी दिसनार. दिसली की माझं तोंड गप बसायचं न्हाई, माझा मला भरवसा न्हाई. सुपारीला आमचा धाकटा बसंल. त्यो बी ट्रॉलीत हुता, पन त्येला कायसुदीक आठवत न्हाई."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"पावणं जाईस्तोवर मला तुमच्या घरात बसू द्या."