एका रात्रीला एकच काळजी

"झोप तू. मी जागाच आहो."

दुसरा कोणी 'चहा घे' म्हणेल, इतक्या सहज काका हे म्हणायचे. उजवा पंजा हवेत खाली दाबायचा, तव्यावरची भाकरी दाबावी तसा, आणि समोरच्याच्या उत्तराची वाट न पाहता आपल्या अंगणाकडे वळायचं. विषय संपला. काळजी आतापर्यंत तुमची होती, आता त्यांची झाली.

आमची गल्ली चंद्रपूरच्या टोकाला, जुन्या खदानीच्या अंगाला आहे. दोरीवर टाकलेलं पांढरं कापड इथं संध्याकाळपर्यंत पांढरं राहत नाही, त्यामुळे कोणी कोणाच्या धुण्यावर बोलत नाही. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला मावशी. हे नातं बसतं कसं, असं कोणी विचारलं नाही. दोघांना मूलबाळ नव्हतं, आणि गल्लीत उरलेले सगळे त्यांचेच होते.

काका खदानीत पंप खलाशी होते. जमिनीच्या पोटात पाणी रात्रंदिवस झिरपत असतं. ते उपसत राहावं लागतं, नाहीतर सकाळच्या पाळीला खाली उतरायला जागा राहत नाही. जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी रातपाळीत केली. रिटायर झाल्यावरही ते रात्री झोपत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सवय हो, दुसरं काय, असं आम्ही म्हणायचो आणि मोकळे व्हायचो.

झोप नसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती चिडचिडी होतात, नाहीतर टीव्हीसमोर बसून जगाला शिव्या देतात. काकांनी तिसराच धंदा काढला. ते लोकांच्या काळज्या रात्रीपुरत्या स्वतःकडे घ्यायचे. तुम्ही सांगायची, घरी जायचं, झोपायचं. रात्रभर काका तुमच्या काळजीचा विचार करणार आणि सकाळी नळाला पाणी आलं की तोंडात निंबाची काडी धरून तुम्हाला निकाल सांगणार.

नियम एकच होता, एका रात्रीला एकच काळजी. दुसरं कोणी आलं तर ते सरळ सांगायचे, "आज रात खाली नाई. उद्या ये." आणि तो माणूस खरोखर दुसऱ्या दिवशी यायचा. काही जण तर नळाच्या रांगेत पाण्याची गुंडी ठेवावी तसा आदल्या दिवशीच नंबर लावून ठेवायचे.

माझ्या सासूबाईंनी त्यांच्याकडे लोणच्याची काळजी नेली होती. बुरशी येईल का, एवढीच. मी लाजेनं अर्धी झाले. पण काकांनी ती रात्र लोणच्याला दिली. सकाळी आमच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, रातभर पाह्यलं. तेल कमी वाटून राह्यलं मले." सासूबाईंनी वरून तेल ओतलं. लोणचं वर्षभर टिकलं आणि सासूबाईंचा काकांवरचा विश्वास त्यांच्या हयातभर टिकला. माझ्यावर तेवढा कधी बसला नाही.

बहुतेक वेळा निकाल काहीच नसायचा. "पाह्यलं मी. जेवढी वाटते तेवढी मोठी नाई." एवढंच. पण आपल्यासाठी कोणीतरी रात्रभर त्या गोष्टीकडे पाहत बसलं होतं, यानेच माणूस हलका व्हायचा. आणि कधी कधी ते काळजी परतही करायचे. टोकावरच्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांची मुलगी नर्सिंग शिकत होती. संध्याकाळच्या गाडीतून उतरून तिला मातीच्या ढिगाऱ्यांच्या बाजूनं चालत यावं लागायचं आणि त्या काटेरी झुडपांत वाघ दिसल्याची बातमी होती. चाचा आठ दिवस झोपले नव्हते. काकांनी ऐकलं आणि रात्र व्हायचीही वाट पाहिली नाही. म्हणाले, "हे काळजी नाई, चाचा. हे काम आहे." त्या संध्याकाळपासून दोन माणसं बॅटरी आणि वाजवायला थाळी घेऊन थांब्यावर उभी राहू लागली. पहिल्या दिवशी काका होते, नंतर गल्लीने पाळ्या लावून घेतल्या. ती पोरगी आता नागपूरला दवाखान्यात आहे.

काळजी आणि काम वेगळं करण्याची त्यांची ही खोड मला फार आवडायची. आपण आयुष्यभर या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून उशाशी घेतो. काका गाठोडं सोडायचे, काम ज्याचं त्याच्या हाती द्यायचे आणि उरलेलं स्वतः घेऊन बसायचे.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मी त्यांना हसायचे. मी घरी शिवणकाम करते, आणि शिवणाऱ्या बाईची जीभ सुईसारखीच चालते. पण आमचे हे एसटीत ड्रायव्हर, सिरोंच्याच्या गाडीवर. आलापल्लीच्या पुढे जंगल लागलं की फोन लागत नाही. एका पावसाळ्यात नाल्यांना पूर आला, रस्ता बंद झाला आणि गाडी कुठं थांबली आहे हे डेपोतही कोणाला सांगता येईना. मी दारात उभी होते. काका समोरून आले, पंजा दाबला आणि म्हणाले, "झोप तू. मी जागाच आहो."

आणि तुम्हाला पटणार नाही, मी झोपले. सकाळी उठले ती रागानंच. नवरा पुरात अडकलेला आणि आपण घोरत होतो, याची मला इतकी लाज वाटली की मी नळावर जाऊन काकांशीच भांडले. त्यांनी तोंडातली काडी काढली. "पंपावर एकच माणूस असते वो," ते म्हणाले. "बाकीचे झोपले पाहिजे म्हणूनच तर तो जागते. दोघंही जागले तर सकाळी खाली कोन उतरन?" दुपारी हे चिखलाने माखून घरी आले. त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं.

मावशींबद्दल सांगायचं राहिलंच. लहान चणीची, कमी बोलणारी बाई. नळावर कधी आल्या नाहीत. पाणी काकाच भरायचे. अंधाराला मात्र फार भ्यायच्या. लाईट गेली की गल्लीत पहिला आवाज त्यांचा यायचा, "अजी, कुठी आहा?" आणि लगेच दुसरा, "इथीच आहो." आम्ही पोरांना सांगायचो, आता मेणबत्ती शोधा, मावशींची हजेरी झाली.

मग एका उन्हाळ्यात काका नळावरच चक्कर येऊन बसले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि कपाळाला हात लावला. या वयात असं जागणं जीवावर बेतेल, रात्री झोपलंच पाहिजे, असं बजावून त्यांनी गोळी लिहून दिली. गोळ्या आल्या, आणि खिडकीत तशाच पडून राहिल्या. मावशी माझ्याकडे येऊन रडल्या. "ते गोळी घेत नाई. तूच काई कर."

मी काय करणार? मी गल्लीतल्या बायका जमवल्या आणि मोठ्या शहाणपणाने ठरवलं, की यापुढे काकांकडे कोणी काळजी न्यायची नाही. नेली नाही तर ते जागतील कशासाठी? दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली अचानक सुखी झाली. काका विचारायचे, पोराच्या परीक्षेचं काय? मजेत, काका. सुनेचं? एकदम मजेत. ज्या चाचांच्या तोंडून कधी 'ठीक आहे' निघालं नव्हतं, तेही हसत हात जोडू लागले. काका आमच्याकडे संशयाने पाहायचे. एकदा म्हणाले, "गल्लीले झालं काय? कोनालेच कायची चिंता नाई?"

आणि ते वाळत चालले. डोळे खोल गेले, निंबाची काडी हातातच राहायला लागली. जागणं काही थांबलं नव्हतं. माझ्या खिडकीतून त्यांची खुर्ची दिसते. मी केव्हाही उठले तरी ते तिच्यात ताठ बसलेले असायचे. आमच्या काळज्या आम्ही काढून घेतल्या होत्या, आणि आता त्या खुर्चीत ते आणि त्यांची स्वतःची काळजी, अशी दोघंच उरली होती. हे मला फार उशिरा कळलं.

कळलं तेव्हा मी सकाळी नळावर गेले आणि सरळ म्हटलं, "काका, आज माही रात खाली आहे. तुमची द्या."

त्यांनी आधी टाळलं. मग बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद केला नाही, आणि बोलू लागले.

नोकरीभर ते रात्री खाली असायचे आणि मावशी घरी एकट्या. अपघात झाला की खदानीवर भोंगा वाजायचा, आणि त्या भोंग्याच्या भीतीने मावशी रात्रभर दाराशी बसून असायच्या. सकाळी काका घरी आले की चहा तयार, आणि वर म्हणायच्या, मस्त झोप झाली आज. काकांना वर्षानुवर्षं ते खरं वाटलं. रिटायर झाले, पहिल्या रात्री घरी झोपले आणि मध्येच जाग आली, तर मावशी दाराशी बसलेल्या. काऊन बसली, म्हटलं, तर म्हणाल्या, सवय झाली.

"त्या राती मी तिले म्हनलं, झोप तू. आता मी जागतो," काका म्हणाले. "तशी झोपली ते. लेकरावानी झोपली. आता मी गोळी घेतली अन् झोपलो, तर हे पुन्हा उठून बसन. अन् मी नाईच राह्यलो, तर? हिच्यासाठी कोन जागन?"

म्हणजे आमच्या काळज्या हे सगळं वरवरचं होतं. मावशींसाठी जागायचंच होतं, तर लगे हाथ गल्लीचंही पाहून घेत होते. आम्ही त्याला सवय म्हणत होतो. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार माया दाटून आली.

मी एवढंच विचारलं, "काका, हे काळजी आहे का काम?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नळ बंद केला. "काम आहे," म्हणाले.

"मग माह्याकडं द्या. मी समोरच तर आहो. मावशीले रोज आवाज देत जाईन."

त्या रात्री मी दारातून हाक मारली, "मावशी, झोपा. मी जागी आहो." सकाळी नळ आला, गेला, आणि काका उठलेच नव्हते. घोरणं मात्र रस्त्यापर्यंत येत होतं. चाचांनी त्यांचा ड्रम गुपचूप भरला. पोरांनी त्या दिवशी क्रिकेटसुद्धा पलीकडच्या गल्लीत खेळलं. आणि दुपारपासून लोक पुन्हा आपापल्या काळज्या घेऊन त्यांच्या अंगणात गेले. काका आता त्या दिवसाउजेडी ऐकून तिथल्या तिथं निकाल द्यायचे. निकाल पहिल्यासारखेच होते.

अशी त्यांना दोन-तीन वर्षं चांगली झोप मिळाली. मग एका थंडीत ते झोपेतच गेले. निरोपाच्या दिवशी बुद्धविहारात माणसं मावली नाहीत. ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो, अशी माणसं आली होती. ज्याच्या-त्याच्याकडे सांगायला एक रात्र होती. मावशी भिंतीला टेकून बसून राहिल्या. अजी कुठी आहा, असं त्यांनी त्यानंतर कधी विचारलं नाही. लाईट गेली की गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि मग मी समोरून म्हणायचे, "मी इथीच आहो, मावशी."

रोज हाक मारते. आजारी असले तर माझी मुलगी हाक मारते. खरं सांगू? हाक मारल्यावर मीही झोपते. काकांना ते चाललं असतं असं मी धरून चालते.

या पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं. नाले भरले, यांची गाडी आली नाही, फोन लागेना, त्यात लाईट गेली. मी मशीनवरचं कापड तसंच टाकून दारात आले. मावशींना हाक मारायची, तीही विसरून रस्त्याकडे पाहत राहिले. अंधारात त्याच बोलल्या.

"गाडी आली काय वो?"

"नाई, मावशी."

मग काकांची खुर्ची दाराशी ओढल्याचा आवाज आला.

"झोप तू," मावशी म्हणाल्या. "मी जागीच आहो."

मी दार लावून घेतलं. पहाटे कधीतरी जाग आली ती रस्त्यावरच्या बोलण्याने. मावशी आमच्या यांना सांगत होत्या, "आला काय गा? जा. पन हळू जा, ते झोपली आहे."