लाल खुणेचा नियम

‘अहो, भविष्यकाळ त्यांना स्वतःलाच येत नव्हता. पुस्तक तिथवर पोचले, आणि आजारपणाचे निमित्त करून त्यांनी वर्ग अर्धवट सोडला.’ माझ्या व्याह्यांविषयी हे विधान आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी केले, तेही त्यांच्याच शोकसभेत, माईक हातात धरून. मी चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आहे. कोणाला काय येत होते हे ठरवण्याचा अधिकार सेक्रेटरींपेक्षा मला थोडा अधिक असावा. माझे व्याही, म्हणजे माझ्या सुनेचे वडील, हे पुण्यातले सर्वांत विक्षिप्त इंग्रजी शिक्षक होते, हे मी लेखी द्यायला तयार आहे. परंतु त्यांनी वर्ग सोडला, हे साफ खोटे आहे.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते बिबवेवाडीतील आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी पाच वाजता नवशिक्यांना फुकट इंग्रजी शिकवत. पोळ्या करणाऱ्या बाया, वॉचमन, इस्त्रीवाला असे आठ-दहा विद्यार्थी. व्याह्यांचे उच्चार ऐकून मला अनेकदा खिडकी लावून घ्यावी लागे. ते मी झाकून ठेवत नाही. त्यांचा नियम एकच होता: जे खरे नाही, ते वाक्य वर्गात उच्चारायचे नाही. ‘धिस इज अ मँगो’ म्हणायचे, तर आंबा समोर हवा. मंडईत आंबा नसेल, तर तो धडा मे महिन्यापर्यंत तहकूब. भूतकाळ आला तेव्हा त्यांनी सगळा वर्ग बसमध्ये घालून खडकवासल्याला नेला, कारण दुसऱ्या दिवशी ‘वी वेंट टू खडकवासला’ लिहायचे होते. मी म्हणालो, “व्याहीबुवा, एका क्रियापदासाठी थेट धरणापर्यंत?” ते शांतपणे म्हणाले, “मग काय, न जाताच गेलो म्हणायला लावू?”

वह्या तपासण्याची रीत तर मला संताप आणणारी होती. वॉचमनने लिहिलेले ‘माय हाऊस इज बिग’ हे निर्दोष वाक्य त्यांनी लाल पेनाने खोडले, आणि वाशिमहून आलेल्या शोभाताईंच्या ‘माय हाऊस वन रूम, वॉटर कम इनसाइड’ या वाक्यापुढे ठसठशीत बरोबरची खूण केली. मी भांडलो. “मास्तर,” ते म्हणाले, “व्याकरण तुम्ही नंतर दुरुस्त करा. खोटं एकदा तोंडात बसलं की तुम्हालाही काढता यायचं नाही.”

आता भविष्यकाळाविषयी. तो त्यांना येत होता. मात्र उद्याचे वाक्य खरे की खोटे हे उद्याच कळणार, म्हणून त्याखाली काय घडले ते लिहून आणल्याखेरीज लाल खूण मिळायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. धडा सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. शनिवारी शोभाताई वही घेऊन भेटायला आल्या. मी खाटेशेजारीच बसलो होतो.

“सर, सगळे म्हणतात, आता वर्ग बंद. मी शिकायचं सोडून देऊ का?”

“लिहा,” व्याही म्हणाले. “सर विल कम ऑन ट्यूजडे.”

“डॉक्टर पंधरा दिवस सोडणार नाहीत,” मी ठणकावून सांगितले. “स्वतःचाच नियम मोडताय तुम्ही.”

“मंगळवारी बघू ना, मास्तर. घाई काय आहे?”

त्या मंगळवारी सेक्रेटरी मुलीकडे नाशिकला गेले होते. शोकसभेत हे सांगायचे त्यांच्याकडून राहून गेले. डॉक्टरांशी तासभर हुज्जत घालून दोन तासांची परवानगी मी मिळवली, हेही मी कोणाला सांगितलेले नाही. रिक्षात त्यांचे वजन माझ्या खांद्यावर किती कमी पडत होते, ते मात्र मला अजून आठवते. त्यानंतर वर्ग भरला नाही.

शोभाताईंची वही मी मागून घेतली आहे. ज्याला पाहायची असेल त्याने घरी यावे. त्या पानावर त्यांच्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘सर विल कम ऑन ट्यूजडे’, आणि तिच्याखाली ‘सर केम’. दोन्ही ओळींपुढे, थोडी थरथरलेली, लाल पेनाची खूण आहे.